फॉर्मवर मोबाईल नंबर कोणाचा?



दहावी-बारावीचे निकाल लागले की धामणकर नाक्यापासून कल्याण नाक्यापर्यंत झेरॉक्सच्या दुकानांपुढे आणि सायबर कॅफेंपुढे आपल्या लोकांची रांग लागते. कोणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कोणाला जातीचा. कोणाला अकरावीचा अर्ज भरायचा असतो, कारण हा प्रवेश मुंबई-ठाण्याकडे आधीपासून ऑनलाईन होताच, तो २०२५ पासून साऱ्या राज्यात झाला आहे. आत दुकानातला मुलगा फटाफट टाईप करत असतो. मध्येच तो विचारतो, "मोबाईल नंबर बोला." आपण गोंधळतो. बापाचा फोन बापाबरोबर कारखान्यात, आईच्या फोनला रिचार्ज नाही, मुलीला अजून फोन घेतलेला नाही. मग तो मुलगाच म्हणतो, "राहू द्या मावशी, माझा टाकतो." आपल्याला वाटते, माणूस भला आहे, काम झाले.

काम तिथेच बिघडलेले असते. त्या दिवशी ते कळत नाही, सहा-आठ महिन्यांनी कळते. संगणक आणि मोबाईल यांविषयी सांगण्यासारखे पुष्कळ असले तरी आज या एकाच रकान्याविषयी लिहावे असे ठरवले आहे.

फॉर्मवर मोबाईल नंबर मागतात तो केवळ संपर्कासाठी नसतो. त्या नंबरावर सहा आकड्यांचा ओटीपी येतो आणि तो आकडा ज्याच्या हाती, त्याला सरकारी संगणक त्या खात्याचा मालक समजतो. आपल्या आजा-पणज्यांनी सावकारापुढे कोऱ्या कागदावर अंगठे उठवले. अंगठा कशावर उठवला हे त्यांना वाचता येत नव्हते, म्हणून जमिनी गेल्या. आजचा ओटीपी हा तोच अंगठा आहे. दुसऱ्याचा नंबर फॉर्मवर टाकणे म्हणजे आपला अंगठा कापून दुकानात ठेवून येणे. मुंबईच्या चाळीत वाढलेल्या तरुण भीमरावांनी ४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीच्या करारावर सही केली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी लागेल, अशी अट त्यात होती. कागद वाचून, अट जाणून त्यांनी स्वतःच्या हाताने सही केली. आपल्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर तेवढी दक्षता आपण घ्यायला नको काय?

शिष्यवृत्तीचेच उदाहरण घेऊ, कारण आपल्या घरांत या फॉर्मवर सर्वांत जास्त अवलंबून असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही योजना १९४४ सालची. त्या वेळी बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळावा म्हणून त्यांनी पाठपुरावा केला होता. पूर्वी कॉलेजच्या कारकुनाकडे कागदाचा फॉर्म द्यायचा आणि नोटीस बोर्डावर नाव पाहायचे, अशी पद्धत होती. आता हे सारे महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवर चालते. विद्यार्थ्याने तिथे खाते उघडायचे, माहिती भरायची, दाखले चढवायचे. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून समाज कल्याण खात्याकडे.

आता कुठे अडते ते पाहा. उत्पन्नाच्या दाखल्याचा फोटो पुसट आला आहे किंवा मार्कशीटवरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळत नाही, असे कॉलेजच्या कारकुनाला दिसले की तो अर्ज परत पाठवतो. संगणकावर त्याला 'सेंड बॅक' म्हणतात. याचा अर्थ अर्ज नाकारला असा नाही. चूक दुरुस्त करून मुदतीत पुन्हा पाठवा, एवढाच त्याचा अर्थ. पण हा निरोप कोणाला जातो? खात्यावर ज्याचा नंबर असेल त्याला. दुकानातल्या मुलाच्या मोबाईलवर असे शेकडो निरोप येत असतील. त्याने तो वाचला तर वाचला, आपल्याला कळवले तर कळवले. तो दुकान सोडून गावी गेला असेल तर विषयच संपला. मुदत टळते, मुलगी वाट पाहत राहते आणि मार्च महिन्यात कॉलेज म्हणते, "फी भरा, तुमचा अर्ज आलाच नाही."

दुसरी अडचण पुढच्या वर्षी येते. शिष्यवृत्तीचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते आणि ते त्याच खात्यातून करायचे असते. यूझर आयडी आठवत नाही, पासवर्ड ठाऊक नाही, नवा पासवर्ड मागवावा तर ओटीपी त्या गेलेल्या मुलाच्या नंबरावर जातो. मग कोणीतरी सल्ला देतो की दुसरे खाते उघडा. हा सल्ला ऐकू नका. एका विद्यार्थ्याची दोन खाती झाली की गुंता वाढतो. कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जाऊन लेखी अर्ज द्या, जुने खाते मोकळे कसे करायचे ते विचारा आणि दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

जाता जाता आणखी एक. फॉर्मवर धर्म आणि प्रवर्ग असे दोन वेगळे रकाने असतात. घाईत असलेला माणूस अंदाजाने काहीही निवडतो. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, त्यासाठी किती वर्षे लढा द्यावा लागला हे आपल्याला सांगायला नको. तेव्हा आपल्या दाखल्यावर जे लिहिले आहे तेच अक्षरशः फॉर्मवर आले पाहिजे. 'सबमिट' दाबण्यापूर्वी पडदा आपल्याकडे वळवायला सांगा आणि मुलीला मोठ्याने वाचू द्या. पाठीमागे रांग असली तरी संकोच करू नका.

मग नंबर कोणाचा टाकायचा? आपल्या भिवंडीत हा प्रश्न सोपा नाही. पावरलूमवर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. मागांच्या खडखडाटात फोन वाजलेला ऐकू येत नाही आणि ओटीपी तर काही मिनिटांत बाद होतो. बाप मागावर, मुलगी कॅफेत, मध्ये तीन किलोमीटर. अशा वेळी "माझा टाकतो" म्हणणाऱ्याचे म्हणणे पटते. गोदामात काम करणाऱ्यांची गतही वेगळी नाही. काही ठिकाणी तर आत जाताना फोन फाटकावर जमा करावा लागतो.

यासाठी आमचे मत असे आहे की घरात एक नंबर 'कागदांचा नंबर' म्हणून ठरवून टाकावा. तो बहुधा आईचा असावा. घर बदलते, बापाचा कारखाना बदलतो, पोरांचे सिम तर ऑफर पाहून बदलत असते. आईचा नंबर टिकतो. ओटीपीसाठी महागड्या फोनची गरज नाही, बटणांचा साधा फोनही चालतो. मात्र त्या नंबराला रिचार्ज हवे. बरेच दिवस न वापरलेले सिम कंपनी बंद करते आणि किमान ९० दिवसांच्या अंतराने तोच नंबर नव्या गिऱ्हाईकाला देऊ शकते. ही गोष्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढेही आली होती. आपल्या बँकेचा, गॅसचा, शिष्यवृत्तीचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर पडावा असे वाटत नसेल, तर घरखर्चात या एका रिचार्जची रक्कम आधी बाजूला काढा.

येथे एक फरक नीट समजून घ्या, कारण पुष्कळ शिकलेली माणसेही यात गफलत करतात. फॉर्मवर आपण लिहितो तो नंबर वेगळा आणि आधारला जोडलेला नंबर वेगळा असू शकतो. "आधार ओटीपी" असे जिथे लिहिलेले असते, तिथे ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावरच येतो, फॉर्मवर काहीही लिहा. म्हणून आधी आधारचा नंबर ठीक करा. आधार केंद्रावर त्यासाठी कागदपत्र लागत नाही, बोटांचा ठसा पुरतो. ठरलेली फी द्या आणि पावती घ्या. एकच नंबर घरातल्या अनेकांच्या आधारला जोडता येतो, त्यामुळे आईचा नंबर मुलांच्या आधारला जोडायला अडचण नाही. मुलाला १५ वर्षे पूर्ण झाली की ठसे पुन्हा द्यावेच लागतात, त्याच फेरीत हेही काम उरकून घ्यावे. एक खाडा वाचतो.

आधारचा विषय निघालाच आहे तर बँकेचे सांगून टाकतो. सरकारचा पैसा आपण फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात येतो असे आपल्याला वाटते. डीबीटीचा पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो. आपली चार खाती असतील, चारही बँकांनी आधारची झेरॉक्स घेतली असेल, तरी सरकारी पैशासाठी त्यांतले एकच चालू असते. नवे सिम घेताना, दुकानात मोफत खाते उघडताना, कर्जाच्या हप्त्यावर फोन घेताना आपण ठसा देतो आणि कधी कधी तिथेच जोडणी बदलते. २०१७ साली गॅसचे अनुदान ग्राहकांच्या नकळत एअरटेलच्या पेमेंट्स बँकेतील खात्यांत जाऊ लागल्याचे उघड झाले, तेव्हा आधार प्राधिकरणाने त्या वर्षी डिसेंबरात या कंपनीचे ई-केवायसीचे काम थांबवले होते. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे होऊ शकते तर एकट्या-दुकट्याचे काय? माय आधार या सरकारी वेबसाईटवर 'बँक सीडिंग स्टेटस' असे बटण आहे. ओटीपी टाकला की कोणती बँक जोडलेली आहे ते नाव दिसते. बदलायचे असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचे आहे" असे स्पष्ट शब्दांत सांगा. नुसते "आधार लिंक करा" म्हटले तर कारकून केवायसी करून मोकळा होतो.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत याला विशेष महत्त्व आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा असे सूत्र ठरवले आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याची पद्धत आणली. त्या रकमेत कॉलेजची फीही असते. तेव्हा खात्यात पैसे आले की ते सारे आपलेच असे समजून घराचे पत्रे बदलू नयेत. कॉलेजचा भाग कॉलेजात भरा.

माता-भगिनींना हा सारा अनुभव नवा नाही. लाडकी बहीण योजनेचे ई-केवायसी २०२५ मध्ये सुरू झाले तेव्हा बाईच्या आधारचा ओटीपी आणि त्यानंतर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा ओटीपी लागत होता. नवरा पाळीवर असेल तर त्याला फोन करून आकडे विचारावे लागत. त्याच सुमारास त्या योजनेच्या नावाने बनावट वेबसाईटही निघाल्या. खरी कोणती ते ओळखण्याची एक साधी खूण आहे. पत्त्याच्या शेवटी काय आहे ते पाहा. त्या योजनेच्या खऱ्या वेबसाईटचा पत्ता शेवटी जी-ओ-व्ही, टिंब, आय-एन असा संपतो. मधल्या भागात कितीही ओळखीचे नाव असो, शेवट तसा नसेल तर तिथे आधार नंबर टाकू नका.

गोदामांत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्यांनी आपला प्रॉव्हिडंट फंडही तपासावा. पी.एफ.च्या यूएएन खात्यावर ठेकेदाराच्या माणसाने आपलाच नंबर टाकल्याची तक्रार कानावर येते. ठेका बदलला की पैसा बुडत नाही, पण काढता येत नाही. उमंग हे सरकारी ॲप फोनमध्ये घेऊन आपला यूएएन त्यात उघडतो का ते पाहा. उघडत नसेल तर नोकरीवर असतानाच दुरुस्ती करून घ्या, सुटल्यावर कोणी दारात उभे करत नाही.

सायबर कॅफेवाला आपला शत्रू आहे असे कोणी समजू नये. तोही पोटासाठीच बसला आहे आणि त्याच्यामुळेच आपली कामे होतात. पण त्याचा संगणक दिवसभरात पन्नास माणसे वापरतात. तुम्ही व्हॉट्सॲपवर पाठवलेली आधारची आणि दाखल्याची फाईल तिथे 'डाऊनलोड्स'मध्ये पडून राहते, उठण्यापूर्वी ती पुसून घ्या. संगणक "पासवर्ड सेव्ह करू का?" असे विचारतो तेव्हा 'नेव्हर' दाबा. काम झाले की लॉगआऊट करा, खिडकी नुसती बंद केल्याने खाते बंद होत नाही. प्रिंटसाठी तिथे स्वतःचे व्हॉट्सॲप उघडले असेल तर घरी येऊन फोनमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहा आणि तो संगणक तिथून काढून टाका. डाऊनलोड केलेल्या आधारच्या फाईलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल, हे त्या दुकानातल्या प्रत्येकाला पाठ असते. जिथे चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे 'मास्क्ड' आधार द्यावे.

आता वहीबद्दल. पासवर्ड कधीही कागदावर लिहू नये, असे संगणकाचे जाणकार सांगतात. ऑफिसात बसणाऱ्यांना ते ठीक आहे. आपल्या घरांसाठी आम्ही उलटे सांगतो. एक दोनशे पानी वही घ्या, ती दाखल्यांच्या पेटीत ठेवा आणि प्रत्येक खात्यासाठी एक पान ठेवा. वेबसाईटचे नाव, यूझर आयडी, पासवर्ड, कोणता मोबाईल, कोणता ईमेल, अर्जाचा क्रमांक आणि तारीख, एवढे त्यावर लिहा. आपल्या पेटीतली वही ही दुकानदाराच्या डोक्यातल्या पासवर्डपेक्षा केव्हाही सुरक्षित. फक्त बँकेचा पिन तिच्यात लिहू नका. आणि पासवर्ड म्हणून 'जयभीम' आणि पुढे १२३ असे ठेवू नका. प्रेम कितीही असले तरी शेजाऱ्यालाही तोच पहिल्यांदा सुचणार! एकमेकांशी संबंध नसलेले तीन शब्द घ्या, मध्ये एखादा आकडा घाला. मुलीचा स्वतःचा ईमेलही याच वेळी उघडून घ्यावा, तो तिला नोकरीच्या अर्जापर्यंत पुरतो.

पेटीतले कागद तरी कायम राहतील याची काय शाश्वती? २६ जुलै २००५ च्या पुरात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत कामवारीचे पाणी भिवंडीच्या सखल वस्त्यांत शिरले, तेव्हा घराघरांतली मार्कशीटे आणि दाखले चिखल झाले. २०१५ पासून केंद्र सरकारचे डिजिलॉकर आहे. त्यात राज्य मंडळाची मार्कशीट थेट मंडळाकडून उतरवून घेता येते आणि ती मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला मात्र ती मान्यता नाही, हा फरक ध्यानात ठेवावा. तरी नसण्यापेक्षा ते बरे.

आपल्या नावावर किती सिम आहेत हेही सरकारच्या संचार साथी वेबसाईटवर पाहता येते. ठसा दिलेल्या दुकानात आपल्या नावाने एखादे जादा सिम निघालेले असू शकते. तसे दिसले तर "हा माझा नंबर नाही" असे तिथेच कळवता येते.

आणि एवढे करूनही फसगत झालीच तर? "आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, या नंबरावर फोन करा" असा मेसेज येतो, नाहीतर लग्नपत्रिका म्हणून एपीके नावाची फाईल येते आणि उघडताच फोन दुसऱ्याच्या ताब्यात जातो. अशा वेळी लाज बाळगून गप्प बसू नका आणि नवऱ्याला काय सांगू म्हणून रात्र घालवू नका. ताबडतोब १९३० या नंबरावर फोन करा. बँकेचे नाव, गेलेली रक्कम, वेळ आणि मेसेजमधला व्यवहार क्रमांक सांगा. पैसा चोराने काढून नेण्यापूर्वी तक्रार पोचली तर तो मध्येच रोखून धरता येतो, म्हणून इथे घटका-घटकेला किंमत आहे. तक्रारीचा क्रमांक घेऊन मग बँकेत आणि पोलीस ठाण्यात जा. १९३० हा नंबर त्या वहीच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. फोनच हातचा गेला तर फोनमध्ये साठवलेला नंबर कुठून काढणार?